शेवटचा दीड महिना : गाभण शेळीची काळजी

इंदूरच्या आसपास, सांवेर, देपालपूर, महू या पट्ट्यात पहिला चांगला पाऊस झाला की बांध हिरवे होतात आणि शेळ्या माजावर येऊ लागतात. समजा, एक शेळी १ जुलैला फळली. शेळीचा गाभणकाळ सरासरी १५० दिवसांचा. त्या हिशेबाने ती २८ नोव्हेंबरच्या सुमारास विणार. चार-पाच दिवस मागेपुढे होतात, म्हणजे २३ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर हा तिचा आठवडा-दीड आठवडा. फळवल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली, तर पुढची सगळी कामे त्या एका नोंदीवरून ठरवता येतात.

आता या तारखेवरून मागे या. विण्याआधीचा दीड महिना म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासूनचा काळ. माळव्यात तेव्हा सोयाबीनची काढणी-मळणी उरकत आलेली असते, लगेच हरभऱ्या-गव्हाच्या पेरणीची घाई सुरू होते आणि मधे दिवाळी येते. घरातले प्रत्येक माणूस कामात. शेळी चरून येते, दिसायला धडधाकट असते, म्हणून तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. पण तिच्या पोटातल्या करडांचे भवितव्य नेमके याच दिवसांत ठरत असते. अडलेली शेळी, मेलेले करडू, आटलेली कास असे जे काही आपल्याला विण्याच्या रात्री दिसते, त्याचे कारण बहुतेक वेळा मागच्या सहा आठवड्यांत असते. म्हणून हे प्रकरण त्या सहा आठवड्यांपासून सुरू होते.

शेळ्या-मेंढ्यांचा आणि इंदूर शहराचा संबंध जुना आहे. इंदूरचे राज्य उभे करणारे मल्हारराव होळकर धनगर घराण्यातले. महाराष्ट्रातल्या मेंढी व शेळी विकास महामंडळाला याच घराण्यातल्या अहिल्यादेवी होळकरांचे नाव दिलेले आहे. इंदूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर महूला १९५५पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१९च्या पशुगणनेत मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत शेळ्यांची संख्या एक कोटीच्या वर भरली. यातल्या बहुतेक शेळ्या दोन-चारच्या संख्येने लहान घरांत आहेत आणि त्यांचे सगळे बायकाच पाहतात. अशा घरात एक वेत वाया जाणे म्हणजे वर्षाच्या मिळकतीतला मोठा हिस्सा जाणे.

पोटात काय चालते

पहिल्या साडेतीन महिन्यांत गर्भ अगदी सावकाश वाढतो. त्याच्या जन्मवजनाचा सुमारे सत्तर टक्के भाग शेवटच्या सहा आठवड्यांत तयार होतो. दोन करडे असतील तर हा भार दुप्पट. याच वेळी गर्भाशय इतके मोठे होते की ते चारापोटाला दाबते. शेळीला जास्त खाण्याची गरज असते तेव्हाच पोटात जागा कमी असते. ही अडचण ओळखूनच तिचा खुराक ठरवावा लागतो. पेंढा-भूस पोटभर देऊन भागत नाही. थोड्या जागेत जास्त सत्त्व देणारे अन्न हवे.

ती दूध देत असेल, तर विण्याआधी सहा ते आठ आठवडे तिला आटवावे. आपल्या शेळीच्या बाबतीत हे काम ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपले पाहिजे. दोन वेळचे दोहन एक वेळ करायचे, मग एक दिवसाआड, आणि आठवड्याभरात थांबवायचे. कासेला विश्रांती मिळाली की पुढच्या वेताला चीक आणि दूध दोन्ही भरपूर येते.

आटवल्यानंतर काही दिवसांनी खुराक सुरू करावा. निम्मा मका किंवा ज्वारीचा भरडा, पाव भाग पेंड, उरलेल्या पाव भागात हरभऱ्याची चुनी आणि गव्हाचा कोंडा, त्यात शेकडा दोन खनिज मिश्रण आणि एक मीठ, असे मिश्रण घरीच होते. सुरुवात रोज १०० ग्रॅमने करावी आणि हळूहळू वाढवत विण्याच्या सुमारास ३०० ते ४०० ग्रॅमपर्यंत न्यावे, तेही दोन वेळांत विभागून. बरोबर बरसीम, लसूणघास, सुबाभूळ, बोर-बाभळीचा पाला, हरभऱ्याचे भूस. पाणी स्वच्छ आणि सतत समोर. थंडीत शेळ्या गार पाणी कमी पितात, तेव्हा सकाळी कोमट पाणी ठेवले तर फरक दिसतो.

एका गोष्टीची या भागात विशेष धास्ती बाळगावी. सोयाबीन निघाल्यावर रानात शेंगा आणि दाणे पडलेले असतात, खळ्यावर ढीग असतो. मोकळी सुटलेली शेळी त्यावर तुटून पडते. एकदम जास्त दाणा पोटात गेला की चारापोटात आम्ल वाढते, पोट फुगते आणि आंत्रविषाराचे जंतू फोफावतात. गाभण शेळी यातून क्वचितच सावरते. मळणीच्या दिवसांत तिला खळ्यापासून दूर बांधा.

खाणे सोडणारी शेळी

शेवटच्या महिन्यातला सगळ्यात फसवा आजार म्हणजे गाभणकाळातली विषबाधा. इंग्रजी नाव आहे प्रेग्नन्सी टॉक्सिमिया. यात बाहेरचे कोणतेही विष नसते. पोटातली करडे आईच्या रक्तातली साखर ओढून घेत असतात. खुराक अपुरा पडला किंवा एक-दोन दिवस तिने खाल्ले नाही, की तिचे शरीर स्वतःची चरबी वितळवू लागते. एवढी चरबी यकृताला पचवता येत नाही. तिच्यातून तयार होणारी कीटोन द्रव्ये रक्तात साचतात, त्यांच्यामुळे भूक आणखी मरते आणि खाणे आणखी कमी होते. हे चक्र सुरू झाले की चार-सहा दिवसांत शेळी हातची जाते. फार हडकुळ्या शेळीला याचा धोका असतो, तसाच फार लठ्ठ शेळीलाही असतो. पोटात दोन-तीन करडे असतील तर धोका सर्वांत जास्त.

ओळखायचे कसे? कळपात ती मागे रेंगाळू लागते. आधी दाणा नको म्हणते, मग पालाही. कोपऱ्यात तोंड करून उभी राहते, दात खाते, पायांवर सूज येते, लेंड्या कोरड्या आणि लहान पडतात. तोंडाजवळ नाक नेले तर श्वासाला गोडसर, नखपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो. ‘गाभण आहे, जड झाली असेल’ अशी समजूत करून घेऊन दोन दिवस घालवणे महागात पडते. शेवटच्या महिन्यात शेळीने एक वेळचा खुराक टाकला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. ते येईपर्यंत पातळ गुळाचे पाणी थोडे थोडे, तिच्या गतीने पाजता येते. तिचे डोके वर खेचून नळीने तेल किंवा काढा ओतू नये. ते श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसे सुजतात.

अंग थरथरणे, कान गार पडणे, उठता न येणे ही चिन्हे असतील तर कॅल्शियम कमी झालेले असू शकते. त्याचे इंजेक्शन शिरेतून भराभर दिले तर हृदय बंद पडू शकते. ते काम पशुवैद्यकाचेच.

लस आणि जंत

माणसाच्या बाळाला आईच्या रक्तातून रोगप्रतिकारक घटक गर्भातच मिळतात. करडाला मिळत नाहीत. शेळीच्या गर्भवेष्टनाची रचनाच अशी आहे की ते घटक पलीकडे जात नाहीत. करडू पूर्ण उघडे जन्माला येते आणि त्याचे पहिले संरक्षण चिकातून येते. म्हणून विण्याआधी तीन-चार आठवडे आईला आंत्रविषाराची लस टोचतात. तिच्या रक्तात तयार झालेले प्रतिघटक चिकात उतरतात. आपल्या शेळीसाठी ही तारीख ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा किंवा नोव्हेंबरचा पहिला. तिला पूर्वी ही लस कधीच दिलेली नसेल, तर दोन मात्रा लागतात आणि त्यासाठी महिनाभर आधी सुरुवात करावी लागते. धनुर्वाताच्या लशीबद्दलही तेव्हाच विचारून घ्यावे.

विण्याच्या आगेमागे शेळीची प्रतिकारशक्ती उतरते आणि पोटातले जंत एकदम वाढतात. घरच्या घरी करण्यासारखी एक तपासणी आहे. शेळीला उजेडात घ्या, अंगठ्याने खालची पापणी हलकेच ओढा आणि आतला रंग पाहा. लालसर गुलाबी असेल तर ठीक. फिकट गुलाबी असेल तर सावध व्हा. पांढरट असेल तर रक्त पिणारे जंत तिला पोखरत आहेत. जंताचे औषध डॉक्टरांना गाभणकाळ किती झाला ते सांगूनच घ्या, कारण काही औषधे, विशेषतः अल्बेंडाझोल, पहिल्या महिना-दीड महिन्यात गर्भाला घातक ठरतात.

जागा

विण्याआधी आठवडाभर तिला वेगळी जागा द्यावी. साधारण पाच फूट बाय पाच फूट पुरते. कळपातल्या ढुशा चुकतात आणि तिच्यावर नजरही राहते. जमीन खरवडून चुना मारावा, दोन दिवस वाळू द्यावी, वर कोरड्या काडाचा जाड थर टाकावा. नोव्हेंबर-डिसेंबरात माळव्याच्या पठारावर रात्री चांगलीच थंडी पडते. वाऱ्याच्या बाजूला पोती बांधावीत, पण वरून हवा खेळती ठेवावी. कोंदट गोठ्यात लघवीचा उग्र वास साचतो आणि तोच करडांच्या फुप्फुसांना बाधतो. ओले झालेले अंथरूण रोज बदलायचे आणि खताच्या खड्ड्यात थर देऊन टाकायचे. याच इंदुरात १९२४नंतरच्या वर्षांत अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा आणि शेण-मुताचे थर देऊन खत करण्याची पद्धत बसवली. ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते.

हाताशी काय असावे? साबण, स्वच्छ फडकी किंवा सुती पोते, टिंक्चर आयोडीन, उकळून घेतलेली कात्री, दोरा, हातमोजे, कोरडे गवत, बॅटरी आणि डॉक्टरांचा नंबर. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

घटका जवळ आल्याची खूण

कास भरू लागणे हे पहिले लक्षण, पण त्यावरून दिवस सांगता येत नाही. काही शेळ्यांची कास तीन आठवडे आधी सुटते, पहिलारूची तर विण्याच्या दिवशीही सुटते. सगळ्यात भरवशाची खूण शेपटीपाशी असते. शेपटीच्या बुडाच्या दोन्ही बाजूंना, कण्यापासून खाली बसण्याच्या हाडाकडे जाणाऱ्या अस्थिबंधाच्या दोन दोऱ्या असतात. एरवी त्या बोटाला पेन्सिलीसारख्या ताठ लागतात. विण्याआधी त्या सैल पडतात आणि शेवटी शोधूनही सापडत नाहीत, अंगठा आणि तर्जनी शेपटीच्या बुडाभोवती जवळजवळ मिळतात. असे झाले की बहुतेक शेळ्या दिवसभरात वितात. गाभण शेळीला रोज संध्याकाळी तिथे हात लावून पाहण्याची सवय ठेवा, म्हणजे बदल झटकन कळेल.

त्याबरोबर भकाळी खोल जातात, निरण सुजून सैल होते, सड ताठ आणि चकचकीत दिसतात, पांढरट चिकट स्राव लोंबू लागतो. ती एकटी राहू पाहते, पायाने जमीन उकरते, उठबस करते, वळून स्वतःच्या कुशीकडे पाहते आणि हळू आवाजात ओरडते. ही पहिली अवस्था दोन तासांपासून बारा तासांपर्यंत चालू शकते. या काळात गर्दी करू नये, हात घालू नये. लांब बसून लक्ष ठेवावे.

कळा आणि घड्याळ

जोरदार कळा सुरू झाल्या की घड्याळ पाहून वेळ लिहा. पाणमोट दिसते, फुटते आणि पाठोपाठ दोन पुढचे खूर येतात. खुरांचे तळवे खाली आणि त्यावर टेकवलेले नाक, ही करडाची नेहमीची बसक. मागचे दोन्ही पाय आधी आले तरी करडू बाहेर येऊ शकते, पण मग नाळ आत दाबली जाते आणि वेळ कमी असतो.

जोराच्या कळा देऊन अर्धा तास झाला आणि काहीच पुढे सरकले नाही, तर मदत बोलवा. तासभर झाला असेल तर थांबण्यात अर्थ नाही. फोनवर डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात, “मावशी, पाणमोट किती वाजता फुटली?” “सकाळी कधीतरी,” या उत्तरावरून त्यांना काही ठरवता येत नाही. “सव्वासहाला फुटली, साहेब, एकच पाय दिसतोय,” असे कळले तर काय घेऊन निघायचे ते त्यांना निघण्यापूर्वीच समजते.

नुसते एकच खूर, नुसते डोके किंवा नुसती शेपटी दिसत असेल, तर करडू आडवे-तिडवे आहे. पाय धरून ओढल्याने गर्भाशय फाटते. अनुभवी हात नसेल तर आत जाऊ नये. डॉक्टर फारच लांब असतील आणि दोन्ही पाय व नाक व्यवस्थित दिसत असेल, फक्त करडू मोठे असेल, तर नखे काढून, कोपरापर्यंत साबणाने हात धुऊन, मोजे घालून, कळेबरोबरच आणि कासेच्या दिशेने खाली, बेताने ओढावे. कळ थांबली की आपणही थांबावे. कळा याव्यात म्हणून ऑक्सिटोसिन टोचण्याची घाई अनेक गावांत केली जाते. गर्भाशयाचे तोंड उघडलेले नसताना किंवा करडू आडवे असताना ते इंजेक्शन जीव घेते.

पहिला तास

करडू बाहेर आले की पहिल्यांदा नाक-तोंडावरचा चिकटा बोटाने पुसून काढा. श्वास घेत नसेल तर डोके खाली राहील असे धरा, पोत्याने छाती खसखस चोळा, नाकपुडीत गवताची काडी हलकेच फिरवा. बहुतेक करडे शिंकतात आणि श्वास सुरू होतो. मग त्याला आईच्या तोंडापुढे ठेवा. तिचे चाटणे फार मोलाचे आहे. अमेरिकेत पीटर क्लॉप्फर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली दाखवून दिले की व्याल्यानंतरच्या पाच मिनिटांच्या सहवासाने शेळी आपल्या करडाला ओळखू लागते, आणि तेवढाही सहवास न मिळालेल्या करडाला तासाभराने पुढे केले तर ती बहुधा झिडकारते. म्हणून करडू धुऊन काढू नका. थंडी असेल तर आईबरोबर आपणही कोरड्या फडक्याने पुसा, पण तिच्या पुढ्यातच.

नाळ आपोआप तुटते. लांब लोंबत असेल तर पोटापासून दोन-तीन बोटांवर दोऱ्याने बांधून पुढे कापावी आणि उरलेले टोक आयोडीनमध्ये बुडवावे. त्यावर राख, शेण, हळद लावू नये. ओल्या नाळेतून जंतू थेट रक्तात जातात.

त्यानंतर चीक. सडाच्या तोंडाशी घट्ट खीळ असते, दोन-चार धारा काढून ती मोकळी करा आणि अर्ध्या-एक तासात करडाला पाजा. अडीच किलोच्या करडाला पहिल्या दिवसात सुमारे पाव लिटर चीक तीन-चार वेळांत मिळाला पाहिजे. करडाच्या आतड्यातून प्रतिघटक शोषून घेणारी दारे तासागणिक बंद होत जातात आणि एका दिवसात जवळपास मिटतात. उद्या पाजलेला चीक पोट भरेल, रक्षण करणार नाही. करडू मलूल असेल तर त्याच्या तोंडात बोट घालून पाहा. तोंड गार लागले तर आधी त्याला ऊब द्या, अंग गरम झाल्यावरच पाजा.

पुष्कळ घरांत वार पडेपर्यंत करडाला कासेला लावत नाहीत. ही रूढी करडाच्या जिवावर उठते आणि आईचेही नुकसान करते. करडू चोखू लागले की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन तयार होते, त्याने गर्भाशय आकुंचन पावते आणि वार सुटायला मदत होते. म्हणजे लवकर पाजणे हाच वार पडण्याचा उपाय आहे. वार साधारणपणे काही तासांत पडते. बारा तास झाले तरी पडली नाही तर डॉक्टरांना बोलवा. लोंबणाऱ्या वारेला दगड किंवा चप्पल बांधू नका, ओढू नका.

पडलेली वार मोजे घालून उचला, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा आणि कुत्र्यांच्या तोंडी जाऊ देऊ नका. शेळी गाभडली असेल तर ही काळजी दुप्पट घ्या. ब्रुसेलासारखे गर्भपात घडवणारे जंतू माणसालाही बाधतात आणि ताप, सांधेदुखी महिनोन्‌महिने छळते. घरातल्या गर्भवती बाईने विणाऱ्या शेळीच्या कामाला हात लावू नये, आणि दूध नेहमी उकळूनच प्यावे.

वहीचे एक पान

या प्रकरणातल्या कामांना फार पैसा लागत नाही. दीड महिन्याचा दहा-बारा किलो खुराक, एक लस, एक आयोडीनची बाटली आणि थोडी जागा. लागते ती नजर आणि नोंद. प्रत्येक शेळीसाठी वहीचे एक पान ठेवा. फळल्याची तारीख, आटवल्याची तारीख, लस, जंताचे औषध, विण्याची वेळ, करडांची संख्या आणि वजन एवढेच लिहा. दोन वेतांनंतर कोणती शेळी जुळी देते, कोणती अडते, कोणाची करडे दगावतात हे त्या पानावरूनच कळेल आणि कोणती पाठ, म्हणजे मादी करडू, घरी ठेवायची हेही ठरवता येईल.

घरात शेळी बाई सांभाळत असेल, तर डॉक्टरांना फोन करण्याचा आणि लशीचे पैसे खर्च करण्याचा अधिकारही तिलाच द्या. शेळीने खुराक टाकला हे सगळ्यात आधी तिलाच कळते. विचारत बसण्यात गेलेले दोन तास करडाला परवडत नाहीत.